शितानं चिकटवलेली पत्रं

भात झाला का म्हणून शीत चेपून बघत होते, तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. तसल्याच हातानं उचलला. "आई, बरी आहेस ना?" ती म्हणाली, आणि मी रोजच्यासारखं "हो गं, मजेत" म्हणून टाकलं. शहापूरच्या डॉक्टरांनी "पुढच्या वेळी घरातल्या कुणाला तरी सोबत आणा" असं सांगितल्याला पंधरा दिवस झाले. विहिरीपर्यंत जाऊन आलं तरी धाप लागते. पण नातीची दहावी आहे, उगाच कशाला लेकीच्या जिवाला घोर, म्हणून मी गप्प. फोन ठेवला तर काचेवर एक शीत चिकटलेलं.

ते नखानं खरवडताना किन्हवलीजवळचं सासर डोळ्यांपुढे आलं. तिथे डिंक कुठला असायला! पत्राची घडी आम्ही शितानंच चिकटवायचो. घरात लिहिता येणारी मी एकटी, आणि हे सुरतेला गिरणीत. पण नव्या सुनेनं नवऱ्याला आपलं पत्र लिहायचं नाही, अशी रीत. सासूबाईंनी सांगायचं, मी लिहायचं आणि अगदी तळाला, उरल्या जागेत, माझा एक नमस्कार. लग्नाची पहिली तीन वर्षं मी त्या एका ओळीत काढली. आता हसू येतं, तेव्हा रडू यायचं.

सासूबाई पडवीत सूप घेऊन बसायच्या आणि पाखडता पाखडता मजकूर सांगायच्या. खडे निवडावेत तशी वाक्यं निवडायच्या. भाताची आवणी झाली, लिही. मुरबाडच्या नणंदेला मुलगा झाला, लिही. गाय आटली, कुडाची भिंत बसली, की लगेच, "ता नको लिवू." लांब असलेल्या माणसाला वाईट कळवायचं नाही, त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, अशी अख्ख्या गावाचीच समजूत होती. आमची पत्रं वाचणाऱ्याला वाटावं, या घरात कधी काही बिघडतच नाही.

तिसऱ्या वर्षी भाताच्या झोडणीत मामंजी अंथरुणाला खिळले. अन्न जाईना. मी भीतभीत विचारलं, "मामंजींचं लिहू?"

"नाय गो. काम टाकून येल तो. बरा हाय, आसा लिव."

लिहिलं. पुढच्या पत्रातही लिहिलं. तिसऱ्या पत्राला माझा हात अडला. तळाच्या माझ्या ओळीत दोन शब्द सहज मावले असते, आणि सासूबाईंना कुठे वाचता येत होतं! पण माझी छाती झाली नाही. नमस्कार लिहिला आणि शीत लावलं.

तार मिळाल्यावर हे आले, तोवर सगळं आटोपलं होतं. आईला एका शब्दानं बोलले नाहीत. दहाव्याला विहिरीवर मला मात्र म्हणाले, "तू तरी लिवायचं होतंस." पुढे एवढा संसार झाला, पण ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. काढलं असतं तर भांडून मोकळी तरी झाले असते. आता हेही नाहीत.

सासूबाईंवर राग धरावा, तर बिचाऱ्या मायेपोटीच करत होत्या. आणि मी तरी काय वेगळं करतेय? पत्रं गेली, तार गेली, हातभर अंतरावर लेकीचा चेहरा दिसतो, आणि मी आपली अजून खडे निवडत बसले आहे. कंटाळले बाई. धाप लागण्यापेक्षा ती लपवण्यानंच जास्त थकले.

शीत निघालं, पांढरट डाग राहिला. तो पदरानं पुसला आणि फोन लावला.

"काय गं, आत्ताच तर बोललो!"

इतकी वर्षं पुस्तकी बोलायची सवय, पण त्या घडीला त्यातलं एक वाक्य कामाला येईना. "बरा नाय वाटत गो मला," मी म्हटलं. "तू ये."

पलीकडून ती म्हणाली, "निघते." मी फोन तसाच हातात धरून उभी राहिले. तळाच्या त्या ओळीत 'तुम्ही या' एवढेच शब्द मावले असते, आणि ते लिहायचे होते तेव्हा माझ्या हातात पेन होतं.