'रोजचं काम' हा रकाना

कृत्रिम पाय बसवणाऱ्या त्या केंद्रात तिला सगळे चौकशीताई म्हणत. एक तर ती चौकशीच्या खिडकीत बसे आणि दुसरं म्हणजे, बाहेरच्या लोकांपेक्षा जास्त चौकशा तीच करी. "हिला एक उत्तर दिलं की त्याला दोन प्रश्न फुटतात," असं तिची सासू कौतुकानं सांगे.

मापखोलीतले काका मापं घेऊन कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरत आणि त्यावरून मागच्या कारखान्यात पाय तयार होई. घाईत काही चौकोन रिकामे राहत. मग आतून आरडाओरडा, "अहो, उंची कुठाय यांची?" हे रोज ऐकून ताईनं मॅक्रो शिकायचं मनावर घेतलं. मॅक्रो म्हणजे तक्त्याला एकदा शिकवून ठेवलेलं काम. दुपारी एका हातात पोळी, दुसरा कीबोर्डवर. तिच्या पहिल्या मॅक्रोनं अख्खा तक्ता लालभडक करून टाकला. असं का झालं? तिला भारी मौज वाटली. फक्त नाव लिहिलेल्या ओळी तपास, हे त्याला सांगायचंच राहिलं होतं. ते सांगितल्यावर मॅक्रो चोख चालला. आवश्यक चौकोन रिकामा असला की तो लाल होई आणि तक्ता सेव्हच होत नसे.

ओरडा थांबला. पण पाय बसवणारा माणूस दिवसभर काय करतो ते लिहायच्या 'रोजचं काम' या रकान्यात नुसती टिंबं दिसू लागली. टिंब म्हणजे रिकामं नव्हे, त्यामुळे मॅक्रो गप्प.

ताई थेट मापखोलीत गेली. "काका, ही टिंबं तुमची?"

"माझीच. तुझा तो मॅक्रो हटून बसतो, मी काय करू?"

"पण विचारत का नाही?"

"विचारतो ना! पण तोवर हात प्लास्टरनं बरबटलेले. धुऊन येईपर्यंत उत्तर डोक्यातून जातं."

"मी बसून बघू?"

"बस. मधेमधे बोलायचं नाही."

ती स्टुलावर बसली. पाय बदलून घ्यायला एक शिंपी आला होता. काकांनी साच्यासाठी प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळत विचारलं, "दिवसभर काय करता?"

"शिवणयंत्र चालवतो. पायानं."

ताईला राहवेना. "मग पाय घोट्यात वाकायला नको?"

"नको कसा? हा खुंटासारखा ताठ! बायको पायडल मारते, मी कापड सरकवतो. एका सदऱ्यात तीन भांडणं होतात."

"हे आधी नाही का सांगायचं?" काका म्हणाले.

"मागच्या वेळी तुम्हालाच सांगितलं होतं की."

काकांनी पट्टी जरा जास्तच जोरात चोपली.

ताईनं तो रकाना सगळ्यात पुढे आणला. तो भरल्याशिवाय मापाचे चौकोन उघडणारच नाहीत असं केलं आणि एकटं टिंब चालेनासं केलं. आता काका कोरड्या हातांनीच विचारत. शिंप्याचा नवा पाय पहिल्यांदा पायडलवरून घसरला, पण दुसऱ्या खेपेला जमला. आता शेजारच्या यंत्रावर बायको स्वतःचं काम शिवते म्हणे.

ताई सकाळी आल्याआल्या तो रकाना वाचते. रंगारी, शिडीवर चढतो. शिक्षिका, उभं राहून शिकवते. परवा काकांनी एका मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं, "अजून ठरलं नाही, म्हणते आधी चालून बघते."

मॅक्रोनं ते मुकाट्यानं घेतलं. ताई मात्र त्या मुलीला पाहायला मापखोलीकडे निघाली.