टोपलीभर शेंगा

परवा केशोरीच्या बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग दिसला आणि एकदम कापगते बाई आठवल्या... पिशवी भरूनच घेऊन आले.

मी इथल्या हायस्कूलमध्ये शिकवते. यंदा समुपदेशनाचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. ट्रेनिंग झालं, खोली मिळाली, समोरासमोर दोन खुर्च्या आणि दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी ही मोठी पाटी... झालं! आत जाईल तिला वर्ग 'पागल' म्हणून चिडवणार, एवढी साधी गोष्ट आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आली नाही.

दहावीतल्या एका मुलीची मला फार काळजी लागली होती. (तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र देत नाही.) कबड्डीत मैदान डोक्यावर घेणारी ही पोर दिवाळीनंतर गप्प गप्प झाली. डबा तसाच परत न्यायची, वर्गात पेंगायची.

खोलीत बोलावून पाहिलं... "काही नाही मॅडम" याच्यापुढे गाडी सरकेना. मग ती अधूनमधून शाळाच बुडवायला लागली. दहावीचं वर्ष, एकदा सुटली की सुटलीच.

तर कापगते बाई... मी नववीत असताना माझा भाऊ गेला आणि माझं बोलणंच बंद झालं. बाई आम्हाला भूगोल शिकवायच्या, शाळेजवळच खोली करून राहायच्या. शाळा सुटली की मला सोबत न्यायच्या आणि ओसरीवर शेंगांची टोपली मांडायच्या.

दोघी शेजारी बसून सोलायचो, नजर शेंगांवर. हिवाळ्याचं कोवळं ऊन पायांवर यायचं, बोटं हिरवी व्हायची... बाईंनी कधी काही विचारलं नाही. एक दिवस मीच बोलले, खूप रडले, आणि बाई सोलत राहिल्या. तो ओल्या तुरीचा वास अजून नाकात आहे.

काल शाळा सुटल्यावर मी पिशवी घेऊन शाळेमागच्या पायरीवर बसले. त्या मुलीला म्हटलं, जरा हात लाव गं. ती बसली. दोघींच्या बोटांत शेंगा फुटत राहिल्या...

मग खाली मान घालूनच म्हणाली, "मॅडम, मले रातच्याले झोपच नाही येऊन राहिली. आई नागपूरले कामाले गेली तवापासून घर खायाले धावते."

त्यानंतर ती बोलतच राहिली. संध्याकाळी तिच्या आईशी फोनवर बोलले. आता मावशी तिच्या सोबतीला झोपायला येणार आहे आणि उद्या आम्ही दोघी तालुक्याच्या दवाखान्यात समुपदेशक ताईंना भेटायला जातोय.

काल पायरीवरून उठताना तिने पिशवीत डोकावून पाहिलं. कितीतरी दिवसांनी जुन्या खट्याळ आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही तं एकट्याच राहता ना... एवढ्या शेंगा कायले आणल्या?"

मी हसले. आणि हातातली शेंग हातातच राहिली...

कापगते बाईही एकट्याच राहायच्या. एका माणसाच्या भाजीला रोज टोपलीभर शेंगा कशाला लागतात, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

पाटी उद्या काढून टाकणार आहे. बाई आता नाहीत... नाहीतर हे आधी त्यांना सांगितलं असतं.