ईमेल माझ्या नावाचा

मैत्रीण सुनीताच्या सांगण्यावरून आजच बायकांच्या या ईमेल ग्रुपवर आलेय. सकाळी चहा पिताना माझा दीर सहज म्हणाला, "वैनी, तुमच्या मुलाखतीचा मेल आल्ता. मी आज बघितला. मुलाखत काल होऊन गेली."

जालन्याच्या एका शाळेत मी शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. माझा ईमेल नव्हता, म्हणून दिराचा दिला होता. खूप वाईट वाटलं, पण मेल त्याचा, तो सवडीनेच उघडणार.

स्वयंपाक आटोपून मी परतूरच्या बाजारातल्या नेट कॅफेत गेले. नवा ईमेल काढायचाय म्हटल्यावर कॅफेवाले म्हणाले, "ताई, घरात दिराचा एक हाय ना, मंग दुसरा कशाला?"

"मला माझा पाहिजे."

महिनाभर उघडलं नाही तर एक कंपनी खातं बंद करते, असं त्यांनी सांगितलं. मी दुसरी निवडली. पासवर्ड विसरल्यास विचारायचा प्रश्न होता, आईचं माहेरचं आडनाव. ते तर आमच्या घरात सगळ्यांना माहीत. मी प्रश्नच बदलला.

मग शाळेला मेल लिहिला, "पत्र उशिरा मिळालं, दुसरा दिवस द्याल का?"

घरी नव्या ईमेलचं सांगितल्यावर दीर म्हणाला, "पासवर्ड सांगून ठेवा वैनी, मी बघत जाईन."

"नको भाऊजी. माझं मी बघीन."

आता संध्याकाळी पुन्हा कॅफेत आलेय. शाळेचं उत्तर आलंय, सोमवारी बोलावलंय.

तुमच्यापैकी कितीजणींची पत्रं अजून दुसरंच कुणी आधी उघडतं?