दुखऱ्या हातांत मावतील अशी पुस्तकं

आमच्या राजुऱ्यात एप्रिल अर्धा सरला की सकाळीच रस्ते सामसूम होतात. पोरं मात्र तपनीला, उन्हाच्या कडाक्याला, जुमानत नाहीत. शाळा सुटल्या की चिंचेखाली, नाल्याच्या कोरड्या रेतीत, कुठे ना कुठे त्यांचा धुडगूस चालूच असतो. माझा मुलगा त्यांच्यात नसायचा. त्याला सिकलसेल होता.

ज्यांनी हा आजार पाहिला नाही त्यांना एवढंच सांगते की यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. अंगातलं पाणी कमी झालं, ताप आला, की हे होतं. मग हाडं अशी दुखतात की लेकरू रडतसुद्धा नाही, नुसतं आखडून पडून राहतं. तो आजार आमच्या दोघांच्याही रक्तात लपलेला होता. लग्न जमवताना दोन्हीकडच्या माणसांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, रक्ताचं कुणी विचारलं नाही. मी पोस्टात कामाला, तर त्याचे बाबा एसटीत ड्रायव्हर, चंद्रपूर-जिवती गाडीवर. पोरगा दुडूदुडू चालायला लागला आणि एक दिवस त्याचे हातपाय सुजले. चंद्रपूरला रक्त तपासलं तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाल्या, "उन्हाळ्यात फार जपा. उन्हात सोडू नका, पाणी पाजत राहा."

मी म्हटलं, "म्यॅडम, दिवसभर घरात मग करल काय तो?"

त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली. बाहेर रांग होती आणि माझ्या प्रश्नाचं औषध त्या चिठ्ठीत नव्हतं. तो चार वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा चित्रांची पुस्तकं आणायला गेले.

दुकान चंद्रपूरला, बसस्टँडपासून थोडं आत. समोर सगळी स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं रचलेली. पोरांची पुस्तकं मागे, एका पेटीत, कोंबून ठेवलेली. दुकानवाले भाऊ म्हणाले, "बाई, हे कोनी मांगत नाई. बसा, पाहा तुमीच." त्यांनी मला स्टूल दिलं, वरचा पंखा लावला. मी पेटी उपसत बसले.

पहिल्या वर्षी मी चुकीची पुस्तकं आणली. कारण ती मी माझ्यासाठी निवडली होती. आळशी मुंगी कष्टाळू होते, खोटारडा कावळा खरं बोलायला लागतो, असलं काहीतरी प्रत्येकात होतं. पोरानं दोन दिवस पाहिली आणि बाजूला सारली.

"आई वं, याच्यात सगळे शेवटी शहाणेच होऊन राह्यले," तो म्हणाला.

"मग काय व्हायला पाह्यजे?"

"काहीच नाई. जसे हायेत तसेच राह्यले पाह्यजे."

दुसरी अडचण मला नंतर कळली. पुठ्ठ्याची जाड पुस्तकं मी मुद्दाम घेतली होती, टिकतील म्हणून. पण दुखणं आलं की त्याची बोटं सुजायची, मनगट वाकायचं नाही. उताणं पडून छातीवर धरलेलं जाड पुस्तक त्याच्या हातून निसटून तोंडावर पडायचं. त्यानं कधी तक्रार केली नाही, पण एकदा मी ऑफिसातून आले तर तो उशीला टेकवलेलं पुस्तक हनुवटीनं उलटायचा प्रयत्न करत होता. तेव्हापासून मी दुकानात प्रत्येक पुस्तक एका हातात, दोन बोटांत धरून पाहायची. पान सहज उलटतं का, उघडं ठेवलं तर आपोआप मिटतं का, हे पाहायची. दुकानवाले भाऊ हसायचे. "भाजी घेऊन राह्यल्या का बाई?" मी त्यांना कारण सांगितलं नव्हतं.

दिवसभर पोराजवळ माझ्या सासूबाई असायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून शब्द कमी आणि चित्रात गर्दी, असं पुस्तक मला हवं असायचं, म्हणजे आजी-नातू दोघंही सारखेच वाचणारे. एका वर्षी तसं एक सापडलं. एका मोठ्या बाजाराचं, एकही शब्द नसलेलं. पानभर माणसं, दुकानं, बैल, सायकली, भांडणं, एक हरवलेली बकरी. त्या पुस्तकावर त्यांचा अख्खा उन्हाळा गेला. कूलरसमोर पाट टाकून सासूबाई बसायच्या, तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा. बाजारातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी नाव आणि नातं दिलं. भांडणारी बाई म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली एक काकू होती. टोपीवाल्या म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, पण तो कुणाला सांगत नव्हता.

"याले काऊन नाई दिसत?" सासूबाई विचारायच्या.

"पाह्य ना आजी, समोर बकरी हाय तरी तो तिकडेच पाहून राह्यला."

"हाव रे बाप्पा! खरंच की!"

असं त्यांचं चालायचं. मधेमधे सासूबाई न चुकता पाण्याचा गिलास पुढे करायच्या आणि तो गोष्टीच्या नादात गटगट पिऊन टाकायचा. औषधाइतकंच ते पुस्तक मला कामाचं वाटायचं.

मग आम्हाला मुलगी झाली. तिच्या वेळी आम्ही आधीच तपासणी करून घेतली होती. ती माझ्यासारखीच, आजार अंगात बाळगणारी पण आजारी न पडणारी. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा त्याचे बाबा कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना किती बरं वाटलं आणि तेवढंच किती वाईट वाटलं, ते मला न विचारता कळलं.

पोरगा नऊ वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात मी त्याला पहिल्यांदा दुकानात सोबत नेलं. सकाळच्या पहिल्या गाडीनं, ऊन चढायच्या आत परत यायचं ठरवून. तो स्टुलावर बसला आणि मी पेटीतून काढलेलं प्रत्येक पुस्तक नाकारत गेला.

"चित्राचे पुस्तक लहान पोट्ट्याइचे राह्यते, आई. मी आता चौथीत चाललो."

दुकानवाल्या भाऊंना मजा वाटली. "मग तुले कोनतं पाह्यजे बाबू?"

त्यानं वरच्या फळीवरचं एक जाड पुस्तक दाखवलं. समुद्रातल्या सफरीची गोष्ट, बारीक अक्षर, चित्र फक्त मुखपृष्ठावर. मी म्हटलं, हे तुला पेलणार नाही रे. तो म्हणाला, "टेबलावर ठेवून वाचन ना." मी ते घेतलं. परतीच्या गाडीत त्यानं ते मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, उघडलं मात्र नाही. खिडकीतून कोळशाचे ट्रक पाहत राहिला. कोणता ट्रक किती चाकांचा, हे तो मला सांगत होता. ट्रक हे त्याचं पहिल्यापासूनचं वेड. ते त्याच्या बाबांकडून आलेलं.

ते पुस्तक त्यानं थोडंच वाचलं. मे महिन्यात ताप आला. आधी वाटलं नेहमीचं आहे, दोन दिवसांत उतरेल. मग छातीत दुखायला लागलं, श्वास घेताना खांदे वर उचलले जायला लागले. आम्ही त्याला चंद्रपूरला नेलं. फुप्फुसांत अडकलंय, असं डॉक्टर म्हणाले. रक्त चढवलं, ऑक्सिजन लावला.

दुसऱ्या दिवशी त्याला थोडी हुशारी आली. मास्क बाजूला करून तो म्हणाला, "आई, चित्राचं आनलं का?"

"समुद्राचं ना? घरीच राह्यलं."

"नाई. चित्राचं. बाजाराचं."

त्याचे बाबा तेव्हा रजेवर होते. उठले, राजुऱ्याला गेले आणि भर दुपारी ते पुस्तक घेऊन परत आले. मी पलंगावर त्याच्या उजव्या बाजूला बसून ते त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. तो बोलत नव्हता. बोट उचलायचा तेव्हा मी पान उलटायची. काही पानांवर तो फार वेळ थांबला. तिथे काय पाहत होता ते मला माहीत नाही, कारण त्या बाजारातल्या गोष्टी त्याला आणि त्याच्या आजीला ठाऊक होत्या, मला नाही. मी ऑफिसात असायची. एका पानावर तो हसला. मी विचारलं, "काय झालं रे?" त्यानं मान हलवली, म्हणजे नंतर सांगतो.

सिस्टर म्हणाल्या, झोपू द्या त्याला आता. मी पुस्तक मिटलं. संध्याकाळी त्याचा श्वास पुन्हा बिघडला आणि त्यांनी त्याला आत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

घरी आणलं तेव्हा सगळी वस्ती जमली होती. विहारातून भंतेजी आले, वंदना झाली. त्याच्या वर्गातली पोरं दारात उभी होती, रोज उन्हात खेळून काळी पडलेली, त्यांच्याकडे मला पाहवेना. कूलरसमोरचा पाट सासूबाईंनी उचलून आत ठेवला.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. मी कामावर जात होते, पत्रांवर शिक्के मारत होते. मुलगी बोलायला लागली. एक दिवस ऑफिसातून आले तर सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं होतं आणि समोर बाजाराचं पुस्तक उघडं होतं. सासूबाई सांगत होत्या, "ह्या टोपीवाल्याले दिसत नाई, पन तो कोनाले सांगत नाई." मी चपला न काढता दारातच थांबले. त्या पुढे सांगत राहिल्या, पानामागून पान. एका पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आन् ह्यो पोट्टा बाजारात येऊन राह्यला, पन त्याले काही घ्यायचं नाई. तो नुसता पाहाले आला." मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांनी पुस्तक मिटलं. ते पान तेच होतं का, ज्यावर तो हसला होता, हे मी विचारू शकले असते. विचारलं नाही. आता सासूबाईही नाहीत.

तो गेला त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये मी मुलीसाठी पुस्तकं आणायला गेले. त्याचे बाबा म्हणाले होते, "मी आनतो, तू नको जाऊ." पण त्यांना सुट्टी मिळेना आणि मलाही वाटलं, आपणच जावं. दुकान तसंच होतं. भाऊंनी स्टूल दिलं, पंखा लावला, पेटी ओढून आणली. मी दोन-तीन पुस्तकं बाजूला काढली, प्रत्येक एका हातात, दोन बोटांत धरून पाहिलं. मुलीला त्याची काही गरज नव्हती. तिचे हात चांगले होते.

भाऊ म्हणाले, "यंदा बाबूले नाई आनलं?"

"नाई. तपन हाय ना."

"हाव, ते बरं केलं. किती वर्षाचा झाला आता?"

"नऊ," मी म्हटलं.

ते आत गेले आणि फळीमागून एक पुस्तक घेऊन आले. मोठं, पण पातळ. सगळी ट्रकची चित्रं. माल भरलेले, उघडून दाखवलेले, चाकं काढलेले. म्हणाले, "मांगच्या दिवाळीत आलं होतं. तवा याद आली त्याची, मले ट्रकचंच सांगून राह्यला होता त्या दिवशी, ठेवून देल्लं. चित्राचं हाय म्हनून चिडन तो, पन तुमी सांगा, भाऊनं देल्लं म्हना." पैसे घेईनात. मी पुस्तक घेतलं आणि निघाले. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर मला त्या दुकानातून उठता आलं नसतं.

स्टँडवर जिवतीची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर त्याचे बाबाच होते. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. गाडी सुटायला अवकाश होता. त्यांनी वळून पाहिलं, "काय काय घेतलं?"

मी मुलीची पुस्तकं दाखवली. मग ते ट्रकचं पुस्तक पिशवीतून काढून जाळीवरून त्यांच्या हातात दिलं आणि दुकानात काय झालं ते सांगितलं. पुस्तक स्टेअरिंगवर ठेवून ते एकेक पान पाहू लागले. गाडी भरत होती. बाया टोपल्या वर चढवत होत्या, कुणीतरी कोंबड्या आणल्या होत्या. सुटायची वेळ झाली. कंडक्टर दोरीला हात घालून पुढे आला, त्यानं डोकावून पाहिलं आणि हात खाली घेतला. मागून एकानं ओरडून विचारलं, "चालते का नाई गाडी?" कंडक्टरनं त्याला हातानंच थांबवलं.

शेवटून दुसऱ्या पानावर त्याचे बाबा थांबले.

"पाह्य," ते म्हणाले, "सगळ्याइचं स्टेअरिंग डाव्या बाजूले काढलं. आपल्याकडं उजव्या बाजूले राह्यते."

"चित्र काढनाराले काय माहीत."

"पोट्ट्यानं धरलं असतं हे. पह्यल्या पानावरच धरलं असतं."

मग त्यांनी पुस्तक मिटलं, शर्टाच्या बाहीनं वरची धूळ पुसली आणि मला परत दिलं. कंडक्टरनं घंटी दिली. वर्धा नदीच्या पुलावर आलो तोवर उन्हानं खिडक्यांचे गज तापले होते. राजुऱ्याला मी उतरले. त्यांनी नेहमीसारखा हात वर केला नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मग गाडी जिवतीच्या रस्त्याला लागली.