आधी मला विचारावे

जेवणाची सुट्टी संपत आलीय आणि डब्यातल्या भरल्या वांग्याने केतकी मगदूमवर आपलं काम सुरू केलंय. डोळ्यांवर झापड येतेय. पडद्यावर एका बाजूला चाचणी चालू आहे, हिरवी ओळ, हिरवी ओळ, पुन्हा हिरवी ओळ, आणि कधीतरी मध्येच लाल पडणार हे तिला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅमची फाइल उघडी. चार वाजता मीटिंग. तिथे तिचं वर्षभराचं काम एक तर घेतलं जाईल, नाही तर गुंडाळलं जाईल. हनुवटी हातावर टेकते, मग गाल हातावर, मग हात आपला बाजूला सरकतो आणि गाल थेट कीबोर्डवर.

काम काय ते आत्ताच सांगून टाकतो, एकदा तिला झोप लागली की मध्ये बोलणं बरं दिसणार नाही. कंपनी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतली, दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवणारी. वजन, फॅट, पावती, सगळं एकाच यंत्रात. त्या यंत्राच्या पोटात एक मुख्य प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात, आणि बाकीच्या सगळ्या प्रोग्रॅमना मेमरी वाटून द्यायचं काम त्याचं. आता या कंपनीच्या कर्नलात अख्ख्या मेमरीला मिळून लॉक एकच. कुणाला काही बदलायचं असो की नुसतं डोकावून बघायचं असो, लॉक घ्यायचा, काम उरकायचं, सोडायचा. तोवर बाकीचे ताटकळत.

यंत्र रखडतं म्हणून दूध घालणाऱ्यांनी बोंब मारली, तेव्हा मालकांचे पुतणे कुलदीपसाहेब यांनी लक्ष घातलं आणि एका कोअरच्या जागी आठ कोअरची, म्हणजे एका वेळी आठ कामं करणारी, चिप बसवली. यंत्र आणखी रखडलं. आधी एक जण काम करायचा. आता एक जण काम करतो आणि सात जण त्याच्या मानगुटीशी उभे राहून 'झालं का, झालं का' विचारतात. कुलदीपसाहेबांनी सोळा कोअरची चौकशी सुरू केली.

केतकीने तो एक लॉक फोडला. मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला, त्याला पान म्हणतात, आपापला छोटा लॉक दिला, आणि ज्याला नुसतं बघायचंय त्याला लॉकच नको असं करून टाकलं. यंत्र पळायला लागलं. दोनच गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे कुठलाही प्रोग्रॅम संपून बाहेर पडताना मधूनच सगळं कोसळतं, आणि का ते सापडत नाही. दुसरी म्हणजे त्या जुन्या लॉकच्या डोक्यावर फाइलमध्ये एक ओळ आहे. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी: 'या लॉकला हात लावू नये. आधी मला विचारावे. भू. उ.'

भू. उ. म्हणजे भूपाल उपाध्ये, तो लॉक घालणारे. उपाध्ये सर दिवाळीनंतर हार्ट अटॅकने गेले.

कुलदीपसाहेबांचं म्हणणं असं की सरांनी एवढं लिहून ठेवलंय त्याअर्थी काहीतरी असणार, तेव्हा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुणाला विचारू, असं केतकीने विचारलं. ते तू बघ, असं साहेबांनी सांगितलं.

तर ती आता बघतेय.

ऑफिसचा पॅसेज नेहमीचाच आहे, फक्त प्रत्येक दाराला कुलूप आहे. कँटीनला, बाथरूमला, कपाटांना, अगदी पाण्याच्या नळालासुद्धा. आणि किल्ली एकच. हायवेवरच्या हॉटेलात बाथरूमची किल्ली कुणी खिशातून नेऊ नये म्हणून लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली असते, तशी. सगळं ऑफिस रांगेत उभं आहे, हातात दुधाच्या किटल्या. ज्याच्याकडे किल्ली आहे तो कँटीनमध्ये शिरलाय आणि सावकाश खुर्च्या लावतोय. त्याच्या मागच्याला फक्त चहा आला का एवढंच बघायचंय, पण तोही उभा. कुलदीपसाहेब रांगेच्या बाजूने फिरतायत आणि शेपटाला नवीन माणसं जोडतायत, प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल देऊन. रांग वाढली म्हणजे काम वाढलं, असं ते सगळ्यांना समजावून सांगतायत.

तिच्या पुढेच उपाध्ये सर आहेत. तोच बिनबाह्यांचा स्वेटर, काखेत तोच स्टीलचा डबा.

"काय कराय लागलीस?" सर विचारतात.

सर वारलेत हे केतकीला आठवतंय. पण कुणी केस रंगवले असतील तर आपण जसं तोंडावर म्हणत नाही, तसं तिला हेही म्हणवत नाही. ती नुसतं विचारते, तुम्ही इथे कसे.

"भायेर पडाय लागलोय. दिवाळीपासनं उभा आहे लाइनीत. भायेरच्या दाराला पण हीच किल्ली."

रांग एक पाऊल सरकते आणि डोक्यावर पत्रा येतो. दुधाचा आंबूस वास, पायाखाली ओली फरशी. कुठल्याशा गावचं संकलन केंद्र आहे, पण भिंतीवर ऑफिसचंच घड्याळ आहे आणि रांगेतली माणसं तीच आहेत. सर एक कॅन पालथा घालून त्यावर बसतात आणि डबा उघडून तिच्यापुढे चिवडा धरतात. चार वाजायच्या आत विचारायला हवं, एवढं स्वप्नातही तिला कळतंय.

"सर, तो लॉक घातलात कशासाठी?"

सर शेंगदाणे वेचून बाजूला करतात आणि सांगायला लागतात. मोठं गिऱ्हाईक यंत्र बघायला येणार होतं. आदल्या संध्याकाळी यंत्र कोसळलं. चूक शोधायला वेळ नव्हता, म्हणून सरांनी सगळ्यावर मिळून एक लॉक घालून टाकला, दोन दिवसांपुरता. यंत्र रखडत का होईना चाललं, गिऱ्हाईक खूश झालं, आणि कंपनीने सरांना शाल-श्रीफळ दिलं, यंत्रात स्थिरता आणल्याबद्दल. आता ज्या गोष्टीसाठी शाल अंगावर पडली ती दुसऱ्याच दिवशी उपटून टाकायची कशी? पुढे खरी चूक सापडली, सरांनी ती नीट केलीसुद्धा. लॉकची गरज संपली. पण तोवर सरांना सल्लागार करून वर पाठवलं होतं, स्टोअररूमच्या शेजारच्या खोलीत. हाताखाली कुणी नाही, आणि टेबलावर फोन होता तो वाजायचा नाही.

"म्हणजे त्या लॉकमागे काहीच नाही?"

"काय सुदिक न्हाई."

"मग ते कशाला लिहिलंत, आधी मला विचारावे म्हणून?"

सर डब्याचं झाकण लावायला बघतात. ते बसत नाही. फिरवून बघतात, उलटं करून बघतात.

"कोण तरी विचाराय येईल म्हणून."

केतकीला वाईट वाटायला हवं, पण आधी येतो तो राग. दिवाळीपासून ती त्या ओळीपुढे डोकं आपटतेय. ती मागे हात करते, रांग दाखवते. पहाटे उठून धारा काढून आलेले लोक किटल्या घेऊन उभे आहेत, पार पत्र्याबाहेर, रस्त्यापर्यंत.

"तुमच्या रुसण्यापायी ह्यांनी रोज उभं राहायचं?"

"व्हय," सर म्हणतात. चेहऱ्यावर लाज वगैरे काही नाही. "मला पण तसंच बसवलेलं की."

मग कुणी आलं होतं का, असं ती विचारते. एकदा एक जण आला होता, सर सांगतात, प्रिंटरची शाई मागायला. त्याला वाटलं ते स्टोअररूमच आहे. सरांनी त्याला बसवून चहा पाजला, लॉकचा विषयही काढून बघितला. तो शाई घेऊन गेला.

"तू पहिली," सर म्हणतात. "जरा उशीर केलास, पण आलीस."

ती कामाचं विचारते. बाहेर पडताना कोसळतं ते का? सर लगेच हात वर करतात. ते तुझं तू केलंयस, माझ्या नावावर घालू नको, असं म्हणतात आणि उठतात.

"चल."

पत्र्याखाली आता कॉन्फरन्स हॉल आहे आणि सरांची शोकसभा चालू आहे. टेबलावर हार घातलेला फोटो. सरांचा एकट्याचा फोटो कंपनीकडे नव्हता म्हणून पिकनिकच्या ग्रुप फोटोतून कापून घेतलाय, आणि सरांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहिलाय, मनगटापासून पुढचा. कुलदीपसाहेब भाषण वाचतायत. ते निवृत्तीच्या समारंभाचं आहे. शेवटी ते सरांना पुढील वाटचालीस शुभेच्छा देतात आणि लोक टाळ्या वाजवतात. यातलं काहीही स्वप्नाने घातलेलं नाही. सभा अशीच झाली होती.

सर आपल्या फोटोकडे जरा वेळ बघतात. "हात कुणाचा गं?"

तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नव्हतं.

हॉलच्या कोपऱ्यात सरांची खोली आहे, आतलं टेबल, खुर्ची, कॉम्प्युटर सगळं जागेवर. खुर्चीत सरांच्या बायको, त्रिशला काकू, चष्मा वर करून पडद्यावर फोटो बघतायत. लेकीचा लहानपणचा फोटो, सायकलच्या दांडीवर बसलेली, फ्रॉक, दोन वेण्या. मागे सिस्टिमवाला संतोष उभा आहे आणि त्याच मशीनमधलं सगळं पुसतोय, ते नव्या मुलाला द्यायचंय म्हणून. खऱ्यात काकू फोटो घ्यायला आठवड्याने आल्या होत्या आणि तोवर मशीन देऊन झालं होतं. दारातच कुणीतरी सॉरी म्हणून त्यांना परत पाठवलं. इथे दोन्ही एकाच वेळी चाललंय. काकू बघतायत आणि फोटो खालून जातोय. आधी सायकलची चाकं जातात, तिथे कुणाचा तरी रजेचा अर्ज येतो. मग फ्रॉक जातो, तिथे कँटीनचा मेनू, मंगळवारी मटकी.

"हे काय मदीच?" काकू पडद्याच्या आणखी जवळ जातात. "पोरगी कुठं गेली?"

"संतोष, थांब," केतकी म्हणते. "त्या बघतायत अजून."

"पण सर गेलेत ना मॅडम," संतोष म्हणतो, अगदी सभ्यपणे. "आणि लॉक पण नाही कुठला."

उपाध्ये सर केतकीकडे बघतायत, परीक्षेत बाईंनी बघावं तसं. संतोषच्या जागी तीच उभी आहे. तो करतोय ते तिनेच प्रोग्रॅममध्ये लिहिलंय, जसंच्या तसं.

"बाहेर पडणाऱ्याची पानं मी लगेच दुसऱ्याला देते," ती म्हणते.

"आणि जो आदीपासनं बघत बसलाय, तो?"

"तो बघतच असतो. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं."

"मग?"

"त्याचं होईपर्यंत थांबायचं."

"नवीन कुणाला दाखवायचं न्हाई," सर म्हणतात. "पण जे बघाय लागलेत त्यांचं होऊ द्यायचं. मग द्या की कुणाला द्यायचं ते."

पडद्यावर आता फक्त दोन वेण्या राहिल्यात. काकू चष्मा पुसायला पदर शोधतायत. केतकी संतोषचा हात धरते, पण तो हात फोटोतल्या हातासारखा मनगटापर्यंतच आहे.

रांगेतून कुणीतरी किल्ली पुढे करतं. सरांचा नंबर आलाय. समोर बाहेरचं दार आहे, म्हणजे खरं तर ते कँटीनचं दार आहे, पण सरांना त्याचं काही वाटत नाही. ते कुलूप काढतात, आत डोकावतात, चहा आलाय म्हणतात. मग मागे वळतात.

"ती ओळ काढून टाक."

"सर, तुमचं तेवढंच राहिलंय तिथे."

"म्हणूनच म्हणतोय," सर म्हणतात, आणि किल्लीचा ठोकळा तिच्या गालावर दाबतात, चांगला जोर लावून. "ऊठ. पावणेतीन वाजले."

गाल दुखतोय. केतकी डोकं वर करते. गालावर कीबोर्डच्या चौकोनी खुणा उठल्यात, हाताला लागतायत. घड्याळात पावणेतीन. चाचणी लाल पडून थांबलेली. बाजूच्या फाइलमध्ये सगळं जागच्या जागी आहे, फक्त लॉकच्या डोक्यावरची ओळ नाही. तिथे एक कोरी जागा आहे आणि कर्सर लुकलुकतोय.

गाल दाबला गेला की अक्षरांचा कचरा पडतो, नाही तर अख्खी फाइल पुसली जाते. गाल नेमकी एक ओळ पुसत नाही.

ती आधी कामाला लागते. बाहेर पडणाऱ्याची पानं जिथे लगेच सोडली होती ती दुसऱ्या फाइलमधली जागा शोधून काढते, आणि आधीपासून बघणाऱ्या सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं, असं तिथे लिहिते. मोजक्या ओळी. चाचणी लावते. हिरवी ओळ, हिरवी ओळ. चहा येतो, निवतो, त्यावर साय धरते. नेहमी लाल पडायचं ती वेळ येऊन जाते आणि हिरवं चालूच राहतं. आनंद व्हायला हवा. मंगळवारी मटकी, एवढंच डोक्यात फिरतंय.

मग ती पुन्हा त्या कोऱ्या जागेशी येते. एक बटण दाबलं की ओळ परत येईल. सेव्ह केलं की गेली. जुन्या प्रतींमध्ये सापडेल म्हणा कुणाला शोधायची असेल तर, पण तिकडे कोण जातं? स्टोअररूमकडे तरी कोण जात होतं?

चारला पाच मिनिटं असताना कुलदीपसाहेब दारात येतात. लांबूनच पडद्याकडे बघतात, मग जवळ येऊन बघतात. सरांची ती ओळ कुठाय, असं विचारतात. नाही, असं ती सांगते. नाही म्हणजे? गेली. साहेब थोडा विचार करतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं इतक्या महिन्यांचं ओझं उतरतं.

"मग विचारायचा प्रश्नच मिटला," ते म्हणतात. "कर सेव्ह, आणि ये."

केतकीचा हात कीबोर्डवर आहे. कर्सर लुकलुकतोय, कोऱ्या जागेत.

"करते, सर," ती म्हणते. "माझं बघून होऊ दे."