मासे सोडणारे सोडवणे

ज्यांनी आयुष्यात अंड्याचा केकसुद्धा खाल्ला नाही, त्या सोडवणेंनी हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेपच्या कालव्यांतून जेवढे मासे धरले, तेवढे मालवणात आमच्या निम्म्या आळीने धरले नसतील. धरले आणि सोडले. म्हणून तर ते सोडवणे. पासपोर्टवर त्यांचं आडनाव लेले होतं. पण इथल्या मराठी मंडळींत ते फक्त त्यांच्या बायकोला आठवायचं, तेही रागावल्यावर.

आमच्याच ऑफिसात ते सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचे. पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या हेंकने त्यांच्या हाती गळाची काठी दिली आणि हा पुण्याचा शुद्ध शाकाहारी माणूस स्नूकच्या नादी लागला. स्नूक म्हणजे इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा. मगरीसारखं तोंड, आत वळलेले दात आणि खाष्ट सासूची नजर. मोठे स्नूक बहुतेक माद्याच असतात, हे कळल्यापासून सोडवणे त्यांना 'बाई' म्हणू लागले. ऑफिसात आम्हा सगळ्यांना 'अरे' आणि 'गाढवा', गळाला लागलेल्या माशाला मात्र, "अहो बाई, जरा तोंड उघडता का? झालं हं, झालंच."

सोडण्याचं त्यांचं सोवळं कडक होतं. गळाच्या टोकाचा उलटा दात त्यांनी पकडीने चेपून टाकलेला असे, म्हणजे गळ चटकन निघतो. माशाला हात लावण्याआधी हात कालव्यात भिजवायचे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. उन्हाळ्यात पाणी तापलं की काठी माळ्यावर. आणि फोटो एकच. कुणी दुसरा मागितला की खेकसायचे, "लग्न ठरवायचंय का तिचं?"

माझ्या आईला हे पटणं शक्यच नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिने एकदा सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खावचा नाय तर पकडता कित्याक? जेवक बोलवचा नि ताटावरसून उठवचा?" मी ते जसंच्या तसं सोडवणेंना सांगितलं. वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. छळतोच मी. फक्त कमीत कमी छळतो, एवढंच." वहिनींचं मत वेगळं होतं. "मासे सोडतात," त्या म्हणायच्या, "टीव्हीचा रिमोट सोडत नाहीत."

स्नूकवाल्यांचं एकच स्वप्न असतं: मीटरच्या वरचा मासा. सोडवणेंनाही ते होतं, पण पुणेकर असल्यामुळे ते कबूल करत नसत. एका नोव्हेंबरच्या दुपारी गावाबाहेरच्या कालव्यावर त्यांची काठी अशी वाकली की मला वाटलं, खाली कुणाची तरी सायकल अडकली. मग सायकलने उडी मारली. बऱ्याच झटापटीनंतर मी जाळ्यात घेतलेल्या बाई मापाच्या खुणा असलेल्या ओल्या चटईवर आडव्या झाल्या, आणि शेपटी मीटरच्या खुणेपुढे गेली.

"फोटो काढ," सोडवणे म्हणाले. मी काढला.

"अजून एक. डोळे मिटले होते मी."

तो काढला.

"परब, आता मागची पवनचक्की येऊ दे."

तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी शाळेतल्या बक्षीस समारंभानंतर कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. मग बाई पाण्यात गेल्या आणि कुशीवर झाल्या. सोडवणे बूट-पँटसकट कालव्यात उतरले. एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी. "अहो बाई, चला. चला ना." कल्ले हलत होते. मग हळू झाले. मग नाहीच. ते गुडघाभर गार पाण्यात तसेच उभे राहिले. "हलत नाही रे," मला म्हणाले.

नियम असा की, तिथला स्नूक मेलेला असला तरी पाण्यातच परत टाकायचा. रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला सायकल थांबवणारा हा माणूस. ते वर आले, अंगातलं जाकीट काढून त्यात बाईंना गुंडाळलं आणि म्हणाले, "तुझ्या आईला फोन लाव. कसं करतात विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या घरी माशाची आमटी झाली. फोन बरणीला टेकवलेला. आई मालवणातून हुकूम सोडत होती. ताट वाढल्यावर मी म्हटलं, "तुम्ही खायलाच हवं असं नाही." सोडवणे म्हणाले, "मारली मी, आणि खायला तुला पाठवू?" त्यांनी औषध घ्यावं तसा घास घेतला. स्नूक म्हणजे नुसते काटे, आणि यांना सवय श्रीखंडाची. काटा अडकला. हाउसआर्ट्सला, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन केला असता तर तो पॅरासिटामॉल घ्या म्हणाला असता. आईच ओरडली, "कोरड्या भाताचो मोठो घास घेवा, भटजी! चावू नका!" काटा उतरला. सोडवणेंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"कशी लागली?" मी विचारलं.

"वाईट नाही," ते म्हणाले. "हेच वाईट आहे."

मग स्वतः जाऊन त्यांनी हेंकला सगळं सांगितलं. हेंक नियमाचा पक्का. त्याने उरलेल्या मोसमापुरती त्यांची काठी काढून घेतली, आणि सोडवणेंनी मुकाट्याने दिली.

पुढच्या हिवाळ्यात ते परत काठावर आले, ते फोन आणि फूटपट्टी घरी ठेवून. आता मासा पाण्याबाहेर काढणंच बंद. काठावर ओणवे व्हायचे, पाण्यातच गळ काढायचे. एकदा पाण्यात एवढं मोठं डोकं दिसलं की मला राहवलं नाही. "केवढी होती हो?"

"गाढवा, बाईमाणसाला वय विचारू नये."

नंतर निवृत्त होऊन ते पुण्याला गेले. तिथल्या नदीत गळ टाकला तर चप्पल लागते म्हणतात. काठी मला देऊन गेले. गेल्या हिवाळ्यात मी एकटाच असताना एक बाई लागल्या. हात भिजवले, ओणवा झालो, पाण्यातच गळ काढला. त्या क्षणभर थांबल्या आणि शेपटीच्या फटकाऱ्याने मला भिजवून गेल्या. कुडकुडतच मी पुण्याला फोन लावला.

"मोठी होती," मी म्हटलं.

"गेली ना नीट?"

"गेली."

"शाबास. आता गावभर सांगत फिरू नकोस."

त्यांचं तेवढं मात्र मी ऐकलेलं नाही.