कुरळ्याला पाणी नाही

तळा गावाच्या एसटी स्टँडमागच्या दुकानात हरेश्वरतात्यांनी चाळीस वर्षं लोकांची डोकी चाचपली. चाचपली म्हणजे खरंच चाचपली. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की आधी चार बोटं केसांत घालायची, मग ठरवायचं पाणी मारायचं की नाही. सरळ, निसरडे केस असले तर चांगलं पाणी मारायचं, म्हणजे ते फणीखाली गुमान बसतात आणि कात्रीची रेघ सरळ येते. विरळ झालेल्यांना नुसता ओलावा, कारण चिंब केलं की टाळू दिसतो आणि गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं. आणि कुरळे असले तर पाण्याचं नाव काढायचं नाही.

"ओला कुरळा केस खोटं बोलतो," तात्या म्हणायचे. "खांद्यापर्यंत हाय म्हणून सांगतो, नि सुकला की कानाशी जाऊन बसतो."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. उमेदवारीत चौलला एका नवरदेवाचे कुरळे केस त्यांनी भिजवून कापले होते. त्या बिचाऱ्याने लग्नभर फेटा उतरवला नाही, आणि उस्तादाने तात्यांच्या कानाखाली जी काढली ती ते जन्मभर विसरले नाहीत.

आता एवढी अक्कल घरात असताना पोराने ती घ्यावी की नाही? कसलं काय! पिकतं तिथे विकत नाही. प्रीतम पनवेलला सहा महिन्यांचा कोर्स करून आला आणि त्याने दुकानाचा स्टुडिओ केला. भिंतभर आरसे, एसी, मान मागे टाकून केस धुवायचं बेसिन. नियम एकच, जो येईल त्याचं डोकं आधी बेसिनमध्ये. तात्यांची जुनी लोखंडी खुर्ची तेवढी कोपऱ्यात राहिली. दाढीला येणारे चार म्हातारे तिच्यात बसायचे. त्या खुर्चीत तात्यांचा जीव होता. ती आहे तोवर आपण आहोत, असं त्यांना वाटायचं, आणि ते काही खोटं नव्हतं.

एका गुरुवारी प्रफुल्ल मास्तरांची आरोही आली. हिचं जावळ तात्यांनीच काढलेलं, मामाच्या मांडीवर बसवून. डोक्यावर कुरळ्यांचं रान, पाठीवर आलेलं.

"तात्या, रविवारी साखरपुडा आहे. तुम्हीच सांगा कुठपर्यंत ठेवू."

तात्यांनी बोटं घातली, केस खाली सोडून पाहिले आणि खांद्याला फणी टेकवली. "इथवर ठेव, पोरी. शोभतील."

ते कात्री उचलणार तोच प्रीतम पुढे झाला. "बाबा, लेडीज कस्टमर माझी. तुम्ही बसा." आणि तिला बेसिनकडे घेऊन गेला.

गिऱ्हाइकासमोर नको म्हणून तात्या त्याच्या कानाशी गेले. "प्रीतम, पाणी नको मारू. कुरळा हाय."

"बाबा, ते तुमच्या जमान्यात!" तो हसला. बाकावरची दोन पोरंही हसली. तात्या कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीत जाऊन बसले. पोराने ओले केस ताणून बरोबर फणीच्या खुणेवर, खांद्याशी कापले. रेघ सुरेख आली, त्यात काही खोट नव्हती. मग ड्रायर लागला आणि केस चढू लागले. मानेवर आले, हनुवटीशी आले, आणि शेवटी कानाला लागून गुच्छ होऊन बसले. आरोहीने आरशात पाहिलं आणि तोंडावर ओढणी घेऊन रडत बाहेर पडली.

तासाभरात मास्तर दारात. "कुणाचे हे उद्योग?"

प्रीतमने आरसा पुसायला घेतला. मागे न बघताच म्हणाला, "मास्तर, माप बाबांनी दिलं. आरोहीला विचारा. मी त्यांनी दाखवलं तिथेच कापलं."

आता घ्या! शब्द खरा आणि गोष्ट साफ खोटी. तात्यांच्या ओठांवर आलं होतं की मी कोरड्याचं माप दिलं, यानं ओल्याला लावलं. पण गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. बोललो तर पोराचं नवं दुकान आठवड्यात ओस पडेल. आपलेच दात, आपलेच ओठ.

"व्हय मास्तर," ते म्हणाले. "माप माझंच."

"हात चालत नसेल तर घरी बसावं, हरेश्वर." जन्मभर तात्या म्हणणारे मास्तर त्या दिवशी नुसतं हरेश्वर म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! तरी तात्यांना वाटलं, घरी गेल्यावर पोरगा एक शब्द बोलेल. एकच. प्रीतम जेवला, मोबाईल पाहिला, आणि हात धुताना म्हणाला, "बाबा, उद्यापासून आराम करा. लोकांचं तोंड कसं धरणार?" सोमवारी लोखंडी खुर्ची भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली. तात्या ओटीवरून बघत राहिले. त्यांना रडू आलं नाही, नुसती शिसारी आली, पोटच्या पोराची.

चार-पाच महिने ते त्या रस्त्याने फिरकले नाहीत. एकदा औषधाला जावं लागलं, तेव्हा दिसलं. दुकानाच्या काचेवर नवी पाटी होती, 'कुरळ्या केसांसाठी खास ड्राय कट'. आत आरोही बसली होती, केस कोरडे. प्रीतम एकेक बट सुटी धरून हलक्या हाताने टोकं कापत होता, अगदी तात्या कापायचे तशी. कुणीतरी मोबाईल धरला होता आणि तो त्यात बघून सांगत होता, "लक्षात ठेवा, ओला कुरळा केस खोटं बोलतो. हा माझा स्वतःचा अनुभव आहे."

बाहेर बाकावर मास्तर पेपर वाचत होते. तात्यांना पाहून त्यांनी जागा करून दिली. राग केव्हाच गेला होता, आवाजात आता कीव होती.

"पोरगा हुशार निघाला हो तुमचा," मास्तर म्हणाले. "कुरळे केस कोरडेच कापायचे, म्हणतो. एवढं एक तुम्हाला ठाऊक असतं, तर माझ्या पोरीचा साखरपुडा तरी नीट झाला असता."

तात्यांनी काचेतून आत पाहिलं. प्रीतमनेही बापाला पाहिलं. मग त्याने आरोहीची खुर्ची जराशी फिरवली आणि दाराकडे पाठ करून कापत राहिला.

"व्हय मास्तर," तात्या म्हणाले, "ठाऊक असायला हवं होतं."